तळ न धरणारं पाणी

११ नोव्हेंबर १९९४, शुक्रवार

राजन्ना पोस्टमनने आज तीन कार्डं दिली. तो फाटकातूनच ओरडतो, "अम्मा, फारिन उत्तरम्!" त्याच्या तेलुगूत पत्राला उत्तरम् म्हणतात. एक कॅनडाचं, एक चीनचं, एक पोलंडचं. तिन्हींवर छापील मजकूर तोच: आपला अमुक लेख पाठवाल तर फार आभारी होईन. लेखाचं आणि ह्यांचं नाव तेवढं हाताने भरलेलं.

मी चौथीपर्यंत शिकले, माहेरी, बेल्याच्या शाळेत. पुढचं सगळं ह्यांच्या कपाटातून. मराठी पुस्तकं संपली तेव्हा शब्दकोश मांडीवर घेऊन इंग्रजीला हात घातला. ही कार्डं म्हणजे माझं इंग्रजीचं पहिलं पुस्तक. 'फार आभारी होईन' हे मी आता शब्दकोश न उघडता वाचते.

लेख १९८७चा. परदेशातल्या मासिकाने छापला आणि सुट्या पन्नास प्रती पाठवल्या. ह्यांच्या हयातीत सहा जणांनी मागितल्या. हे गेल्यावर मात्र कार्डं वाढत गेली. लोक किती सभ्य आहेत, असं मला वाटायचं. अडतीस प्रती मी पाठवल्या. आज तीन पाठवल्या की तीनच उरतील.

पाठवताना चिठ्ठीवर ह्यांच्या नावाचा रबरी शिक्का मारते. दुसरं काही लिहीत नाही. नवऱ्याचं नाव मी कधी लिहिलं नाही, उच्चारलं ते फक्त उखाण्यात. आणि गेली चार वर्षं तेही नाही, कारण उखाणे जिथे चालतात त्या बायकांत मला बोलावणं नसतं. शिक्का मारला की काम होतं. मारताना वाटतं, हे ओसरीवर बसलेत आणि मी फक्त त्यांचं टपाल घेऊन निघाले आहे.

१९ नोव्हेंबर, शनिवार

माणिकराव आले होते. हे कॉलेजात रसायनशास्त्र शिकवायचे, माणिकराव पदार्थविज्ञान. दर महिन्याला एकदा येतात, चहा पितात, ह्यांच्या खुर्चीवर बसत नाहीत.

ते हैदराबादला जाऊन आले. तिथल्या मोठ्या ग्रंथालयात एक जाडजूड वही असते म्हणे, मुंगीएवढ्या अक्षरांची. जगात कोणत्या शास्त्रज्ञाने कोणाचं नाव आपल्या लेखात घेतलं, ते सगळं तिच्यात.

"वहिनी, किती ठिकाणी असेल आपल्या सरांचं?"

"मला काय ठाऊक भाऊजी. पाच-सहा?"

"एकशे बारा! मी दोनदा मोजलं. भिंग घेऊन मोजलं. तो वाचनालयातला माणूस म्हणाला, 'क्या ढूंढ रहे हो साब, जूं?' जन्मभर आमी ह्यांना आदिलाबादचे किमयागार म्हणून चिडवलं, अन् आता पाहा. जर्मनीतल्या एका मोठ्या प्रयोगशाळेनं तर सारं कामच ह्या लेखावर उभं करायला घेतलंय. नॅनो म्हणतात त्याला आता."

नॅनो हा शब्द माझ्या शब्दकोशात नाही. मी विचारलं. ते म्हणाले, खसखशीचा एक दाणा घ्या, त्याचे ओळीने दहा लाख भाग करा, त्यातला एक म्हणजे नॅनो. सोनं इतकं बारीक केलं की ते सोन्यासारखं वागत नाही. रंगसुद्धा बदलतं.

ते मला माहीत होतं. ती बाटली माझ्या समोरच फळीवर आहे. माझ्या वडिलांनी लग्नात घातलेली अंगठी ह्यांनी मागच्या न्हाणीघरात तेजाबात विरघळवली. दोन दिवस मी बोलले नव्हते. तिसऱ्या दिवशी ही बाटली आणून हातात दिली. लाल पाणी. "ही घे तुझ्या बाबांची अंगठी," म्हणाले. "आता कोणी चोरणार नाही."

सात वर्षं झाली. तळाशी अजून काही बसलेलं नाही.

२ डिसेंबर, शुक्रवार

कार्ड नाही, पत्र. जर्मनीहून, प्रोफेसर एच. ब्रांट यांचं. माणिकराव म्हणत होते तीच प्रयोगशाळा. अख्खी दुपार शब्दकोश घेऊन बसले. पहिल्यांदा वाटलं, मीच चुकीचं वाचते आहे. मग प्रत्येक ओळ मराठीत उतरवून काढली.

"आपण लेखाची प्रत तत्परतेने पाठवलीत, आभारी आहोत. आपल्या पद्धतीने आम्ही अकरा वेळा प्रयोग केला. अकराही वेळा रंग जांभळा झाला आणि दिवसाच्या आत सोनं काळं होऊन तळाशी बसलं. आणखी दोन ठिकाणांहून हेच ऐकतो. आपण लिहिलेली कोणती तरी गोष्ट आम्हाला कळलेली नाही, असं मी धरून चाललो आहे. कृपया खुलासा करावा. मार्चपर्यंत उत्तर आलं नाही, तर आपला प्रयोग पुन्हा करता येत नाही असं आम्हाला नाइलाजाने छापावं लागेल."

भाषा गोड आहे. 'कृपया' आहे, 'नाइलाज' आहे. पण अर्थ तोच की हे खोटं बोलले.

आणि पत्र ह्यांना आहे. त्यांना वाटतं, हे आहेत.

३ डिसेंबर

माणिकरावांच्या घरी गेले. पत्र दिलं. वाचून त्यांनी चष्मा काढला.

"वहिनी, 'आपण प्रत पाठवलीत' म्हणजे? कोणी पाठवली?"

"मी."

"अन् सर गेले हे कळवलं नाही?"

"शिक्का मारून पाठवत होते."

"चार वर्षं?" ते उठून उभेच राहिले. "अहो, जगभरातले लोक त्यांना जिवंत समजून राह्यले! उद्या हे छापतील की विचारलं तरी माणूस उत्तर देत नाही, म्हणजे लबाडच. असं काऊन केलं तुमी?"

मी पत्राची घडी घातली. त्यांच्या बायकोने पाणी आणून दिलं. थोड्या वेळाने ते खाली बसले आणि अगदी हळू म्हणाले, "मीसुद्धा कॉलेजातल्या पाटीवरचं नाव पुसू दिलं नव्हतं. दोन वर्षं."

ठरलं असं की आधी उत्तर शोधायचं. मग लिहायचं.

११ डिसेंबर, रविवार

न्हाणीघर उघडलं. मी दर दिवाळीला झाडते, पण काही हलवत नाही. तेजाबात विरघळलेल्या अंगठीचं पिवळं पाणी काळ्या बाटलीत उरलं आहे, त्यातूनच लाल होतं. माणिकरावांनी मापलं. दोनदा प्रयोग होईल एवढंच आहे.

त्यांनी वही समोर ठेवून एक एक पायरी केली. सोनं तळाशी बसू नये म्हणून त्यात डिंक घालायचा; त्याबद्दल ह्यांच्या वहीत फक्त 'डिंक, शुद्ध केलेला' असं आहे, छापलेल्या लेखात तेच इंग्रजीत. कपाटात गावातल्या औषधाच्या दुकानातली डिंकाची पांढरी पूड होती, ती घेतली. गरम पाण्यात छान विरघळली. मी स्टोव्ह धरला. पाणी आधी जांभळं झालं. माणिकराव म्हणाले, थांबा, होईल. मग निळसर झालं. चारच्या सुमारास तळाशी काळा गाळ बसला.

जर्मनीत जे अकरा वेळा झालं, ते आमच्या न्हाणीघरात बाराव्यांदा झालं.

ते गेल्यावर तिथेच पाटावर बसून राहिले. एक विचार आला, तो लिहून ठेवते, कारण ही वही माझी आहे आणि इथे खोटं लिहायचं नाही. वाटलं, ह्यांना ते एकदाच, चुकून जमलं असेल. आणि लोकांनी किमयागार म्हणू नये म्हणून ह्यांनी दहादा जमलं असं लिहिलं असेल. बाटली तर एकच आहे.

हे मी मनात आणलं. त्यांच्याच पाटावर बसून.

१२ डिसेंबर

बाटली फळीवरून काढून कपाटात ठेवली. परत काढून फळीवर ठेवली.

१४ डिसेंबर, बुधवार

थंडी वाढली. माणिकरावांची सून बाळंतीण होऊन आली आहे, तिला डिंकाचे लाडू करून देते म्हणाले होते. डबा काढला. तळाला ओंजळभर डिंक आहे, एवढ्यात भागत नाही.

डबा नेहमी असाच निघायचा. मी भरून ठेवायची आणि आठ दिवसांत मूठ-मूठ कमी. ह्यांना रंगेहाथ पकडलं होतं एकदा. "अहो, कच्चा डिंक खाताय? आतडी चिकटतील!" मूठ पाठीमागे लपवून हसले. "लाडवांपर्यंत दम निघत नाही," म्हणाले. नंतर मी डब्यावर खलबत्ता ठेवायची, तरी घ्यायचे. चांगला स्वच्छ केलेला, भिजवून गाळून वाळवलेलाच नेमका घ्यायचे. मी केवढी रागवायची! आता वाटतं, खाऊ द्यायला हवा होता.

१५ डिसेंबर

लाडू राहिले, आधी हे लिहिते.

सकाळी माणिकरावांची मापं परत ठेवायला न्हाणीघरात गेले. गाळायच्या कागदांच्या खणात, अगदी खाली, एक कापड सापडलं. चौपदरी घडी, डिंकाने कडक झालेली, पापडासारखी. उलगडली तर हिरवा काठ. माझं लुगडं. बेल्याला आईने घेतलेलं, जीर्ण झाल्यावर डिंक गाळायला फाडलं होतं. त्याचा एक तुकडा हरवला म्हणून मी मोलकरणीला बोलले होते. त्या बिचारीला.

हे डिंक खात नव्हते.

पहिल्यांदा हसूच आलं. मग बराच वेळ दुसरं काही झालं.

माणिकरावांना निरोप पाठवला. ते धावत आले, कापड हातात घेऊन उलटंसुलटं पाहिलं.

"म्हणजे 'शुद्ध केलेला' म्हणजे तुमी केलेला?"

"मग त्यांनी तसं का नाही लिहिलं?"

"वहिनी, परदेशी मासिकात माणूस कसा लिहील, की लाडवाच्या डब्यातून चोरला अन् बायकोच्या लुगड्यातून गाळला? आधीच आमी किमयागार म्हणत होतो. तुमी नेमकं करता काय डिंकाचं, ते सांगा."

मी सांगितलं. त्यात सांगण्यासारखं काय आहे, सगळ्याच बायका करत असतील. मधाच्या रंगाचे थेंब तेवढे निवडायचे. काळपट, साल लागलेला बाजूला. कुटायचा नाही. गार पाण्यात संध्याकाळी भिजत घालायचा, सकाळी चौपदरी जुन्या कापडातून आपोआप गळू द्यायचा. पिळायचा नाही. राहिलेला चोथा टाकायचा, गाळलेलं ताटात वाळवायचं. माझ्या सासूबाई म्हणायच्या, गरम पाणी दाखवलं की डिंकाचा जीव जातो.

माणिकराव लिहून घेत होते. माझं बोलणं कोणी कधी असं लिहून घेतलं नव्हतं.

"अन् हा डिंक बाभळीचाच ना?"

"छे. धावड्याचा. बाजारातली शकुबाई आणते."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "सगळं जग बाभळीचा वापरून राह्यलंय," म्हणाले.

१९ डिसेंबर, सोमवार

डब्यातला डिंक दोन वर्षांचा जुना, त्यावर शेवटचा डाव लावायला माणिकराव तयार नव्हते. बाजारात गेले. शकुबाई उटनूरकडच्या जंगलातल्या गावची. दोन बस बदलून येते, गुडीहत्नूरला उतरून दुसरी धरते. पुढ्यात चारोळी, मध, डिंक.

"बाई, किती दिवसानं! मले वाटलं तुमी लाडू खानं सोडलं."

धावड्याचाच आहे ना, असं विचारलं तर रागावली. "मी का तुमाले आज फसवनार हाय? तुमचे सायेब त मले झाड दाखव म्हनून गावावर आले होते. आख्खा डोंगर चढले, धापा टाकत. म्या म्हनलं, साहेब, डिंक बजारात भेटते, इतं काऊन मरायले आले?"

मला हे माहीत नव्हतं. उटनूरला परीक्षेच्या कामाला जातो म्हणाले होते.

"मंग काय म्हणाले?"

"म्हने, झाड बराबर हाय, डिंक बराबर हाय, पन मी धुतला त जमत नाई. आमच्या घरी बाईच धुते, तवाच जमते." शकुबाईने तराजूत आणखी एक मूठ टाकली. "लय गमतीचा मानूस. बायकोचं कौतुक बजारात सांगे."

घरी सांगितलं नाही. बाजारात सांगितलं.

२५ डिसेंबर, रविवार

डिंक मी निवडला. काल संध्याकाळी गार पाण्यात भिजत घातला. सकाळी त्याच हिरव्या काठाच्या कापडातून गाळला. वाळवला नाही, माणिकराव म्हणाले वहीतल्या तोलाच्या हिशोबाने पातळच घेऊ. पिवळं पाणी होतं तेवढं सगळं ओतलं. काळी बाटली रिकामी झाली.

मी दाराबाहेर जाऊन उभी राहिले. मला बघवेना. आत नुसता स्टोव्हचा आवाज.

"वहिनी."

मी आत गेले नाही.

"वहिनी, या तर."

आधी फिकट गुलाबी, अळता पाण्यात सोडल्यासारखं. मग गडद होत गेलं. जांभळं झालं नाही. माणिकरावांनी भांडं उचलून झरोक्यापाशी धरलं, आणि त्यांच्या पांढऱ्या सदऱ्यावर, हातांवर, समोरच्या भिंतीवर लाल उजेड पडला. माझ्या हातांवरही पडला. मी ते मागे घेतले नाहीत.

माणिकरावांनी भांडं जपून खाली ठेवलं. मग ते म्हणाले, "सर, माफ करा." आणि नाक पुसायला बाहेर गेले.

माफी मलाही मागायची होती.

२८ डिसेंबर, बुधवार

तीन दिवस झाले. रंग तसाच आहे. तळ स्वच्छ.

आता उत्तर. माणिकराव म्हणाले, मी लिहितो, तुम्ही सही करा. मी म्हटलं, पत्र मी लिहीन, तुम्ही इंग्रजी तपासा. कच्चं लिहिलं. डिंकाचं सगळं बिनचूक उतरलं. पहिल्या ओळीवर अडले.

"'माय हजबंड इज नो मोअर' लिहा," माणिकराव म्हणाले. "नाव लिहायची गरज नाई. तुमची रीत मला माहीत नाही का? त्यांना समजेल."

समजेल हे मलाही माहीत होतं. पण हैदराबादच्या त्या वहीत एकशे बारा लोकांनी ते नाव लिहिलं आहे, आणि त्यातलं एकही माणूस त्यांच्या घरचं नाही. शिक्का समोरच होता. शाईच्या डबीवर एकदा दाबलासुद्धा. मग शिक्का बाजूला ठेवला, कारण शिक्का मारला की ते जिवंत होतात.

हळू लिहिलं, शाळेत काढायची तशी अक्षरं. माझे पती शामराव चिंतलवार हे दिनांक ७ ऑगस्ट १९९० रोजी वारले. तुम्हाला आजवर प्रती मी पाठवल्या, आणि हे कळवलं नाही. चूक माझी आहे. त्यांची नाही.

माणिकरावांनी वाचलं. एकही शब्द बदलला नाही, फक्त एक स्वल्पविराम घातला.

पत्रासोबत पाव किलो डिंक कापडी पिशवीत शिवून दिला. आणि हिरव्या काठाच्या कापडाचा अर्धा तुकडा. अर्धा मी ठेवला.

४ मार्च १९९५, शनिवार

राजन्ना आज फाटकाशी थांबला नाही, आत आला. "अम्मा, जर्मनी. मंचि उत्तरम्, चांगलं पत्र असेल, मी देवाला बोललो."

प्रोफेसर ब्रांट या बाई आहेत. हिल्डे ब्रांट. मी इतके दिवस मनात एक दाढीवाला माणूस धरला होता.

त्यांनी तीनदा प्रयोग केला, तिन्ही वेळा लाल. 'पुन्हा करता येत नाही' हे छापणार होते, ते काढलं. त्याऐवजी डिंकाची पद्धत छापणार आहेत, आणि ती कोणी सांगितली, तेही. त्यासाठी माझं पूर्ण नाव विचारलं आहे. कापड कोणत्या सुताचं, किती वर्षं वापरलेलं, तेही विचारलं आहे. शेवटी लिहिलं आहे: 'शामराव चिंतलवार यांचं नाव आमच्या प्रयोगशाळेत रोज घेतलं जातं. ते गेले हे कळल्यावर त्या दिवशी आम्ही काम लवकर थांबवलं. त्यांना कधी भेटायला मिळेल असं वाटत होतं.'

मलाही, असं मनात म्हटलं.

माझं पूर्ण नाव लिहून दिलं. दमयंती शामराव चिंतलवार. त्यातही ते आलंच.

कापडाचं काय लिहावं ते सुचेना. शेवटी लिहिलं: सुती, अकरा वर्षं नेसलेलं.

९ मार्च, गुरुवार

लेखाच्या प्रती मागणाऱ्यांची कार्डं मी टाकली नव्हती, सुतळीत बांधून ठेवली होती. मी ज्यांना शिक्का मारून पाठवलं ते एक्केचाळीस जण. ब्रांटबाईंना कळलंच आहे, राहिले चाळीस. त्यांच्यापैकी कोणी अजून जांभळ्या पाण्यापुढे बसलं असेल. प्रत्येकाला दोन गोष्टी कळवायच्या आहेत: डिंक धावड्याचा घ्या, गार पाण्यात भिजवा. आणि शामराव चिंतलवार आता नाहीत.

माणिकराव म्हणाले, कॉलेजात टाइप करून घेऊ, एकदाच होईल.

नको म्हटलं.

सकाळपासून ओसरीवर बसले आहे. ह्यांच्या खुर्चीवर, तिथे उजेड चांगला येतो. पहिल्या कार्डावर नाव लिहिताना कानात सासूबाईंचा आवाज आला, दुसऱ्यावरही आला. पाचव्यावर बाजारातून जाणारी एक ओळखीची बाई फाटकाशी थांबली. "काय लिहून राह्यल्या?"

"शामरावांचं टपाल," मी म्हटलं. मोठ्याने. ती क्षणभर माझ्याकडे पाहत राहिली आणि गेली.

नऊ कार्डं झाली. एकतीस राहिली.